फ्रेम चित्रासाठी घ्या, सोफ्यासाठी नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरसजावटीचा लेख होता, त्यात चित्राची फ्रेम सोफा आणि पडद्यांना मॅच होईल अशी घ्या असं लिहिलंय, ते वाचून अजिबात राहवलं नाही म्हणून हे पत्र. अहो सोफा बदलतो, भिंतीला चार दिवाळ्यांनी नवा रंग लागतो, चित्र मात्र तेच राहतं. फ्रेम बघायची ती चित्राकडे बघून, आणि आपल्याकडच्या पावसाकडे बघून.

मी चित्रकला शिकवते, त्यामुळे ओळखीतले लोक फ्रेम करायच्या आधी आणि बरेचदा फ्रेम बिघडल्यावर विचारायला येतात. मागच्या पावसाळ्यानंतर एकांनी जलरंगातलं एक निसर्गचित्र आणलं, त्याला सोनेरी नक्षीची महागडी पट्टी, पण माउंट, म्हणजे चित्राभोवती लावतात तो जाड पुठ्ठ्याचा चौकोन, नाही, कागद थेट काचेला टेकलेला. मागचा हार्डबोर्ड काढला तर खालचा कोपरा काचेला चिकटलेला, वर बुरशीचे करडे ठिपके आणि मागे जिथे सेलोटेप लावली होती तिथे पिवळाजर्द डाग जो कागदातून पुढे उमटलाय. चिकटलेला कोपरा ओढू नका एवढंच मी सांगू शकले, ते काम जाणकार माणसानेच करायला हवं. मुंबई-ठाण्यात जुलैमधे हवा एवढी दमट असते की काचेच्या आतून पाणी धरतं, आणि कागद काचेला टेकलेला असला की ते सगळं कागदातच जातं.

माउंट लावतात ते नुसतं शोभेसाठी नाही, कागद आणि काच यांच्यात जागा राहावी म्हणून लावतात हे लोकांना कोणी सांगतच नाही. तोही अ‍ॅसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेल्या पुठ्ठ्याचा मागून घ्या, थोडे पैसे जास्त जातात, पण साध्या बोर्डाची कापलेली कड काही वर्षांत तपकिरी होते आणि तीच रेघ चित्रावर उतरते. चित्र फेविकॉलने बोर्डावर अख्खं चिकटवू देऊ नका, वरच्या बाजूने दोन ठिकाणी पातळ जपानी कागदाच्या पट्टीने आणि गव्हाच्या खळीने टांगलेलं असलं की पुरतं, पुढे कधी काढायचं झालं तर पाण्याने सुटतं. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे किंवा फेल्टचे तुकडे लावून घ्या म्हणजे भिंत आणि फ्रेम यात हवा खेळते. आणि पावसाळ्यात ज्या बाहेरच्या भिंतीला ओल येते तिथे कागदावरचं चित्र लावूच नका. थेट उन्हाचंही तेच, म्युझियममधे जलरंगांवर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपासच प्रकाश ठेवतात, आपल्या खिडकीतलं ऊन त्याच्या कितीतरी पट असतं. कॅनव्हासवरच्या तैलचित्राची गोष्ट वेगळी, त्याला सहसा काच लागत नाही.

आता वारलीबद्दल, कारण हल्ली घरोघरी वारली दिसते. मुळात हे लग्नघरी मातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायचे चित्र, जिव्या सोमा मशे यांनी १९७०च्या दशकात ते कागदावर, कापडावर आणलं आणि जगभर नेलं, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. लग्नचौकात, म्हणजे लग्नासाठी काढायच्या चौकोनी चित्रात, पालघट देवीभोवती नक्षीचा चौकोन असतोच, म्हणजे चित्राची स्वतःची चौकट आधीच काढलेली आहे, तिच्याभोवती परत सोनेरी वेलबुट्टीची पट्टी ठोकली की दोघी एकमेकींशी भांडतात. साधी, बारीक, सागाची किंवा काळी पट्टी घ्या. माउंट पांढराशुभ्र नको, त्याच्यापुढे चित्रातला पांढरा मळका दिसायला लागतो, थोडा मातकट किंवा सायीच्या रंगाचा बघा, दुकानात तुकडे चित्राला लावून दाराशी उजेडात नेऊन बघा, ट्यूबलाइटखाली ठरवू नका.

शेवटची एक कळकळीची विनंती, जुन्या घरातून राजा रविवर्म्यांच्या छापील तसबिरी अजून निघतात. त्यांचा छापखाना १८९४ला मुंबईत सुरू झाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि बऱ्याच चित्रांच्या खालच्या पांढऱ्या कडेवर चित्राचं नाव आणि छापखान्याचं नाव छापलेलं असतं. जुनी फ्रेम बदलताना दुकानदार तयार मापात बसवायला नेमकी तीच कड कापून टाकतो, आणि मग ते चित्र कुठल्या छापखान्याचं, कधीचं हे ओळखायची सोयच राहत नाही. तसबीर दुकानात देताना कड कापायची नाही हे पावतीवर लिहून घ्या, माप मोठं झालं तर पट्टी जास्त लागेल, तेवढे पैसे द्या.

आपली,
एक चित्रकला शिक्षिका, ठाणे