खोक्याचं माप आणि विम्याचे साठ रुपये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकात कोथरूडच्या एका वाचकांचं पत्र वाचलं. ऑनलाइन लिलावात त्यांनी तमिळनाडूतली एक पितळी समई ४५० रुपयांना जिंकली. नंतर हिशेब आला तो ९०० रुपयांचा, कारण शिपिंग ३९० आणि विमा ६०. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं त्यांनी लिहिलंय आणि सगळे विक्रेते लुटारू ठरवून टाकलेत. मी स्वतः अशा लिलावांत विकते, म्हणून हे उत्तर. त्यांचा राग निम्मा बरोबर आहे, पण तो चुकीच्या निम्म्यावर निघालाय. ३९० रुपयांवर ते तुटून पडलेत आणि ६० रुपये निमूटपणे सोसलेत. मी असते तर नेमकं उलट केलं असतं.

मी भोसरीच्या एका कारखान्यात डिस्पॅचला, म्हणजे माल रवाना करण्याच्या खात्यात, एकतीस वर्षं होते. एल.आर. (वाहतुकीची पावती), टू-पे (भाडं घेणाऱ्याने द्यायचं), ओनर्स रिस्क (वाटेतल्या नुकसानीची जोखीम मालकाची) हे शब्द मी घरात भाजी निवडतानाही बोलायचे, असं आमच्याकडे अजून सांगतात. निवृत्त झाल्यावर वडिलांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या काढल्या. तीनशेच्या वर आहेत, सगळ्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. बालगंधर्व, हिराबाई, मास्टर दीनानाथ आणि बऱ्याच अशा गायकांच्या, ज्यांची नावं आता लेबलावरूनही पुसली गेलीत. आम्ही नारायण पेठेतले. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा माळ्यावरच्या वाचल्या आणि खालच्या फळीवरच्या चिखलातून काढून धुतल्या. त्यांच्या लेबलांना अजून मातकट कड आहे. लिलावाच्या वर्णनात मी प्रामाणिकपणे ‘पानशेतचा डाग’ असं लिहिते. पुण्याबाहेरची माणसं विचारतात, ही कोणती कंपनी?

ही तबकडी लाखेची असते. कडक, वजनदार, आणि काचेसारखी फुटते. पहिली विकली ती नागपूरला, अकराशे रुपयांना. खोकं घरच्या काट्यावर एक किलो सातशे ग्रॅम भरलं, म्हणून मी लिलावात आधीच ‘शिपिंग १५० रुपये’ लिहून बसले होते. कुरिअरच्या काउंटरवरच्या मुलाने काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने टेप काढली. चाळीस गुणिले चाळीस गुणिले पंधरा सेंटिमीटर, भागिले पाच हजार. चार पूर्णांक आठ किलो. “पाच किलो धरतो, मॅडम.” १८ टक्के जीएसटी धरून ४१० रुपये झाले. म्हणजे २६० रुपये माझ्या पदरचे. लाज याची वाटली की हे गणित मी आयुष्यभर केलं होतं. हलका पण फुगीर माल ट्रकात, विमानात जागा खातो, म्हणून काट्याचं वजन आणि मापाचं वजन यांतलं जे जास्त असेल ते लावतात. फरक एवढाच, की कारखान्यात तो आकडा दुसऱ्या कोणाच्या तरी खिशातून जायचा.

आता माझं खोकं बत्तीस बाय बत्तीस बाय नऊचं असतं. भागाकार १.८४ येतो, म्हणजे काटा आणि टेप जवळजवळ एकच बोलतात. दहा इंची तबकडीला चारही बाजूंनी तीन सेंटिमीटरच्या वर जागा उरते. तबकडी कागदी पाकिटात घालून नालीदार पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवायची. एका तुकड्याच्या नाल्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे पुठ्ठा कुठूनच दुमडत नाही. पुठ्ठ्याला पुठ्ठा चिकटवायचा, चिकटपट्टी तबकडीला लागता कामा नये. वरून बबल रॅप, मग खोकं, आणि शेवटी खोकं कानाशी धरून हलवायचं. आत काही बोललं की परत उघडायचं. गंमत म्हणजे एकट्या तबकडीपेक्षा तीन-चारांची चवड जास्त सुखरूप पोचते. त्यामुळे कुणी दोन लिलाव जिंकले तर मी एकाच खोक्यात घालते आणि दुसऱ्याचं शिपिंग परत करते. ते पैसे ठेवून घेणारेही विक्रेते आहेत. कोथरूडच्या वाचकांनी लुटारू म्हणायचं तर त्यांना म्हणावं.

शिपिंग फुगवण्याचा रोग जुना आहे, हेही कबूल करते. परदेशी लिलावांत एक काळ असा होता की वस्तू एका डॉलरला लावायची आणि टपालखर्च चाळीस डॉलर लिहायचा, कारण संकेतस्थळाचं कमिशन फक्त वस्तूच्या किमतीवर होतं. मग ईबे या लिलावाच्या संकेतस्थळाने शिपिंगसकट सगळ्या रकमेवर कमिशन कापायला सुरुवात केली. चोरांमुळे सावांनाही भुर्दंड. आज तिथे खराखुरा खर्च लिहिला तरी त्यातलाही एक घास कापला जातो, आणि तो कुठून तरी भरून काढावा लागतो.

आता विमा. तिथे मला खरंच बोलायचंय.

विक्रेता म्हणतो, ‘विमा ऐच्छिक, हवा असेल तर साठ रुपये द्या, नाहीतर जबाबदारी तुमची.’ हे वाक्य वाचलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पार्सल बुक करतो विक्रेता. डॉकेटवर, म्हणजे कुरिअरच्या पावतीवर, पाठवणारा म्हणून नाव त्याचं. कुरिअरशी करार त्याचा, आणि माल फुटला तर दावाही त्यालाच करावा लागतो. गिऱ्हाइकाने साठ रुपये देऊन हातात काय पडतं? १९३० च्या माल विक्री कायद्यातलं ३९ वं कलम आम्हाला डिस्पॅचमध्ये पाठ होतं. माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की तो सकृद्दर्शनी गिऱ्हाइकाला पोचला असं ते म्हणतं, आणि बरेच विक्रेते तिथेच वाचणं थांबवतात. पुढची ओळ अशी, की मालाचं स्वरूप पाहून विक्रेत्याने वाहतूकदाराशी रास्त करार करायला हवा. तो केला नाही आणि माल वाटेत गेला किंवा मोडला, तर ‘मला पोचलाच नाही’ असं म्हणायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. लाखेची तबकडी ओनर्स रिस्कवर टाकणं हा रास्त करार कसा होईल?

कुरिअरची पावती कुणी उलटून वाचतं का? मागे बारीक अक्षरांत जबाबदारीची मर्यादा छापलेली असते. माझ्या एका पावतीवर ती शंभर रुपये होती. पाठवणाऱ्याने सही केली की अशी अट बांधून ठेवते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच एका आंतरराष्ट्रीय कुरिअरच्या खटल्यात मान्य केलंय. तिथे मर्यादा शंभर डॉलर होती. स्पीड पोस्टात माल हरवला किंवा फुटला तर भरपाई टपालखर्चाच्या दुप्पट किंवा हजार रुपये, यांतलं जे कमी असेल ते. म्हणजे ज्याने वेगळा विमा काढला नाही त्याला जवळजवळ काहीच नाही.

आणि काढला तरी? माझी एक तबकडी कोलकात्याला दोन तुकडे होऊन पोचली. १,४५० ची होती, डॉकेटवर किंमत लिहिली होती, जादा पैसे भरले होते. कुरिअरच्या दाव्याच्या टेबलावर कारकुनाने विचारलं, “ओरिजिनल बिल?” मी म्हटलं, बिल १९६१ साली मुठेच्या पुरात वाहून गेलं. त्याने ते ‘रिमार्क’च्या रकान्यात खरंच लिहून घेतलं. मग पॅकिंगचे फोटो मागितले, ते मी काढले नव्हते. मग फुटलेलं खोकं बघायला मागितलं, ते कोलकात्याच्या गृहस्थांनी रद्दीत दिलं होतं. दावा तिथेच संपला. त्यांचे पैसे मी परत केले, कारण चूक त्यांची नव्हती.

तेव्हापासून मी बोर्नव्हिटाचा एक रिकामा डबा ठेवलाय. दर पार्सलमागे त्यात तीस रुपये टाकते. ते मी गिऱ्हाइकाकडून वेगळे मागत नाही, वस्तूच्या सुरुवातीच्या बोलीतच धरते. चार वर्षांत १४० पार्सलं गेली, म्हणजे ४,२०० रुपये जमले. त्या कोलकात्याच्या तबकडीचे १,४५० आणि आणखी एकीचे ९०० त्यातून गेले. डब्यात १,८५० आहेत. छोट्या मालाला हाच विमा परवडतो, कारण डबा बिल मागत नाही. तीन हजारांच्या वरची तबकडी असेल तर मात्र कुरिअरचा विमा काढतेच, एका फुटीत डबा रिकामा होईल म्हणून. त्यासाठी लिलाव बंद झाला त्या पानाची प्रत, माझं सहीचं विक्री बिल, पॅकिंगचे चार फोटो आणि काट्यावरच्या खोक्याचा एक, एवढं आधीच तयार ठेवते. गिऱ्हाइकाला सांगते, उघडताना व्हिडिओ काढा आणि खोकं आठवडाभर टाकू नका.

लिलावाची संकेतस्थळं चालवणाऱ्यांनाही एक सांगायचंय. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत एकूण किंमत एका आकड्यात, आणि शिपिंग, हाताळणी, कर वगैरे सक्तीचे नि ऐच्छिक आकार फोड करून दाखवायला सांगितलंय. आधीच बरोबरची खूण केलेला रकाना ही ग्राहकाची संमती धरता येत नाही. सुरुवातीला कमी किंमत दाखवून नंतर खर्च वाढवत नेणं आणि न विचारता खरेदीच्या टोपलीत काहीतरी सरकवणं, हे दोन्ही प्रकार २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नाव घेऊन मना केलेत. लिलावात तर हे जास्तच हवं. शेवटच्या दहा सेकंदांत बोली लावणारा माणूस बेरीज करत बसत नाही. त्याचा पिनकोड आधी घ्या आणि बोलीच्या शेजारीच घरपोच रकमेचा आकडा दाखवा. एवढं काही अवघड नाही.

कोथरूडच्या वाचकांना दोन कामं सांगते. समईचं खोकं अजून असेल तर टेप लावा, सेंटिमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले पाच हजार, आणि समईचं वजनही करा. दोन्हींतला मोठा आकडा पाच-सहा किलोच्या घरात आला तर ३९० रुपयांबद्दल त्या विक्रेत्याला बोल लावू नका. मग खोक्यावर चिकटवलेल्या डॉकेटवर ‘डिक्लेअर्ड व्हॅल्यू’चा, म्हणजे पाठवणाऱ्याने लिहिलेल्या किमतीचा, रकाना बघा. तिथे ४५० असेल आणि विम्याचे जादा पैसे भरल्याची नोंद असेल तर साठ रुपये निदान विम्यात गेले. रकाना कोरा असेल, किंवा शंभर लिहिलं असेल, तर ते बहुधा विक्रेत्याच्या खिशात गेले. तसं असेल तर त्या डॉकेटचा फोटो संपादकांकडे द्यावा. तक्रारीचा मसुदा मी करून देईन.

आपली,
एक वाचक
नारायण पेठ, पुणे