घराची वॉरंटी आणि ताब्याची सही : मित्रास पत्र

घोडबंदर रोड, ठाणे

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

खारघरचा फ्लॅट पक्का झाला, आता फक्त ताबा घ्यायचा उरलाय, हे वाचून फार आनंद झाला. वहिनींचंही अभिनंदन. पण "बिल्डरकडून पाच वर्षांची वॉरंटी आहे, काळजी नाही" हे तुझं वाक्य वाचलं आणि लगेच लिहायला बसलो.

ती पाच वर्षं बिल्डरने मेहेरबानी म्हणून दिलेली नाहीत, कायद्याने दिली आहेत. २०१६ च्या रेरा कायद्याचं, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या स्थावर मालमत्ता कायद्याचं, कलम १४(३) बघ. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात, कारागिरीत, दर्जात किंवा सोयींमध्ये दोष निघाला आणि तू तो कळवलास, तर बिल्डरने तीस दिवसांत स्वखर्चाने तो दुरुस्त करून द्यायचा. नाही केला तर भरपाई मागता येते. सोसायटीच्या नावावर कन्व्हेयन्स झालं, म्हणजे इमारतीची मालकी सोसायटीकडे गेली, म्हणून ही जबाबदारी संपत नाही. नोंदणी केलेला करारनामा काढून त्यातलं दोषदुरुस्तीचं कलम नीट वाच. मुदत कमी लिहिली असेल किंवा भलत्या अटी घातल्या असतील, तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

गिझर, एसी, व्हिडिओ डोअर फोन यांचं वेगळं. त्यांची वॉरंटी त्या त्या कंपनीची असते, म्हणून बिलं आणि कार्डं ताब्याच्या दिवशीच मागून घे. वॉटरप्रूफिंगच्या ठेकेदाराने बिल्डरला लेखी हमी दिली असेल तर तिचीही प्रत माग. बँक गृहकर्जासोबत घराचा जो विमा गळ्यात मारते तो आग, पूर, भूकंप यांसाठी. कच्च्या कामाचे पैसे त्यातून मिळत नाहीत.

मला खरी काळजी वाटते ती ताब्याच्या कागदाची. पझेशन लेटरमध्ये कुठेतरी एक ओळ असते, "फ्लॅट पाहिला, काम समाधानकारक आहे, कोणतीही तक्रार नाही." किल्ली घेण्याच्या घाईत लोक खाली सही ठोकून मोकळे होतात. तू तसं करू नकोस. आधी घर तपास. नाण्याने एकेक टाइल वाजव, पोकळ आवाज आला की पेन्सिलने खूण कर. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपला, म्हणजे पाणी जायच्या जाळीच्या भोकाला, बोळा लाव, दोन बोटं पाणी साठव, रात्रभर तसंच ठेव आणि सकाळी खालच्या मजल्यावर जाऊन त्यांचं छत बघून ये. खिडकीच्या फ्रेमभोवती सिलंट नीट भरलाय का, सज्जाचा उतार बाहेरच्या बाजूला आहे का, हेही बघ. आपल्याकडचा पाऊस आडवा येतो, भिंत तिथूनच ओल धरते. जे सापडेल ते फोटोंसकट त्याच पत्रावर लिही, मगच सही कर आणि शिक्का मारलेली प्रत घे.

पुढेही तक्रार तोंडी करू नकोस. आमच्या मजल्यावरच्या काकूंच्या बेडरूमच्या भिंतीला दर पावसाळ्यात पापुद्रे सुटायचे. साइटवरचा सुपरवायझर "पाऊस थांबू दे, करून देतो" म्हणायचा, रंगाचा हात मारून जायचा. पाच वर्षं सरली, तेव्हा काकूंकडे एकही लेखी तक्रार नव्हती. दुरुस्तीचा सगळा खर्च त्यांनीच केला. मला अजून त्याचा राग येतो, बिचाऱ्यांनी निवृत्तीचे पैसे त्या घरात घातले होते. तू प्रत्येक वेळी ईमेल कर, सोबत रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठव आणि पोच जपून ठेव. तीस दिवसांत काही हललं नाही तर महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, ऑनलाइन तक्रार करता येते, फी पाच हजार रुपये. घरात तोडफोड करायची असेल तर आधीची अवस्था फोटोंत ठेव, नाहीतर दोष तुझ्या सुताराच्या माथी मारतील.

आणि हो, ओसीची, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याच्या भोगवटा प्रमाणपत्राची, प्रत बघितल्याशिवाय किल्ली घेऊ नकोस.

ताब्याची तारीख कळव. शनिवार-रविवार असेल तर मी येतोच, नसेल तर सुट्टी टाकतो. तोवर करारनाम्याचे फोटो पाठव, मी वाचून ठेवतो.

तुझा,
अभय