सही करण्याआधी ओट्याचा नकाशा मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्या-मुंबईत पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांच्या सभांत चटईक्षेत्र किती वाढणार, कॉर्पस (विकासकाकडून मिळणारी ठोक रक्कम) किती, भाडं किती महिने मिळणार, पार्किंग कुणाला, यावर तासन्‌तास खल होतो. तो व्हायलाच हवा. पण करारनाम्याला जोडलेल्या सोयीसुविधांच्या परिशिष्टात स्वयंपाकघराच्या वाट्याला बहुतेक वेळा दोनच ओळी येतात: ग्रॅनाइटचा ओटा, स्टीलचं सिंक, लिंटेलपर्यंत (दार-खिडकीच्या वरच्या पट्टीपर्यंत) डॅडो टाइल्स, म्हणजे भिंतीवरच्या फरशा. ओटा किती उंच, सिंक कुठल्या भिंतीला, शेगडीच्या दोन्ही अंगांना किती जागा, याचा पत्ताच नसतो. ताबा मिळतो तेव्हा ग्रॅनाइट बसलेला असतो, पाइप भिंतीत गेलेले असतात आणि मग त्या ओट्यावर पुढची वीस-पंचवीस वर्षं रोज तीन-चार तास उभं राहायचं असतं. स्वयंपाकघरांची आखणी करणं आणि ती साइटवर उतरवणं हे आमचं रोजचं काम. सही होण्याआधी वाचकांनी काय मागावं आणि का, ते सांगण्यासाठी हे पत्र.

नकाशाकडे वळण्याआधी एक आठवडा घरातल्या सवयी वहीत लिहून काढा. सकाळी सहा ते साडेआठ या वेळात कोण कोण आत येतं? डबे कुठे भरले जातात? पोळ्या लाटणारी आणि भाजणारी व्यक्ती एकच की दोन? भांड्यांना मावशी येतात का, आणि त्या उभ्याने घासतात की मोरीत बसून? भाजी कुठे निवडली जाते? गहू वर्षाचा भरता की पिठाची पिशवी आणता? मासे घरी साफ होतात की कोळणीकडून करून आणता? या उत्तरांवर आखणी ठरते. मासिकातल्या पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघराच्या छायाचित्रावरून ठरवली, तर दुसऱ्याच कुणाच्या घराला सोयीची आखणी आपल्या गळ्यात पडते.

आता उंची. बिल्डरचा ओटा साधारण ३३-३४ इंचांचा असतो आणि तो सगळ्यांना सरसकट लावला जातो. खरं माप कोपरावरून घ्यायचं. जी व्यक्ती जास्त वेळ स्वयंपाक करते तिने घरात चप्पल वापरत असेल तर ती घालून सरळ उभं राहावं, हात कोपरात काटकोनात दुमडावा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावावा. पाच फूट उंचीच्या बाईचं हे माप ३७ इंचांच्या आसपास येतं. चिरायला ओटा कोपरापेक्षा चार-पाच इंच खाली हवा, म्हणजे ३२-३३ इंच. लाटायला मात्र सात-आठ इंच खाली हवा, म्हणजे २९-३० इंच, कारण लाटताना अंगाचा भार वरून लाटण्यावर यायला पाहिजे. ओटा उंच असला की दोन्ही खांदे कानांकडे चढतात, भार यायचा थांबतो आणि सगळा जोर मनगटं नि अंगठ्याच्या मुळावर पडतो. त्यात पोळपाटाचे पाय आणखी दीड-दोन इंच भर घालतात. रोजच्या वीस पोळ्या म्हणजे वर्षाला सात हजारांवर पोळ्या, हे लक्षात घेतलं की या तीन-चार इंचांची किंमत कळते. जेवणाचं टेबल साधारण ३० इंच उंच असतं. पुष्कळ घरांत पोळ्या टेबलावर लाटल्या जातात, त्याचं कारण हेच.

शेगडीचंही तेच. पायांची शेगडी पाच इंच उंच धरा. ३३ इंचांच्या ओट्यावर ती ठेवली की भांड्याचं बूड ३८ इंचांवर जातं आणि पाच लिटरच्या कुकरचं तोंड थेट छातीपाशी येतं. शिरा परतताना किंवा पिठलं घोटताना कोपर हवेत ठेवावं लागतं, वाफ चेहऱ्यावर येते. यावर एक उपाय म्हणजे शेगडीपुरता अडीच-तीन फुटांचा ओटा चार इंच खाली उतरवणं. तसं केलंत तर त्या भागाखाली सिलिंडर ठेवू नका. १४.२ किलोचं सिलिंडर कड्यासकट साधारण २५ इंच उंच असतं. २९ इंचांच्या ओट्यातून दगड आणि खालचा आधार वजा केला तर रेग्युलेटरची कळ फिरवायला हातही जात नाही. सिलिंडर शेजारच्या उंच भागाखाली ठेवावं. दुसरा उपाय हॉबचा, म्हणजे ओट्याच्या दगडात बसवायच्या शेगडीचा, पण त्यासाठी ग्रॅनाइट कापावा लागतो आणि पुढे दुसऱ्या मापाचा हॉब घेतला तर ते भोक जुळत नाही.

घरात सासूबाई पाच फुटी आणि सून साडेपाच फुटी असेल, तर माप कुणाचं घ्यायचं? आमचं उत्तर ठाम आहे: पोळ्या जी लाटते तिचं, आणि दोघी लाटत असतील तर बुटक्या व्यक्तीचं. बुटक्या ओट्यावर जाड लाकडी पाट ठेवून काम दोन-तीन इंच वर आणता येतं. उंच ओटा खाली आणता येत नाही. पायाखाली पाट घेऊन उभं राहणं हा उपाय आम्ही कुणालाही सुचवत नाही, उकळतं भांडं हातात असताना पाय घसरतो. सिंकचा भाग मात्र उलट उंच चालतो, कारण हात त्याच्या तळाशी काम करत असतात. आठ-नऊ इंच खोल सिंक पुरे, बारा इंचांच्या सिंकने कंबर धरते.

आखणीची सुरुवात सिंकपासून करायची. शेगडी हलवता येते, फ्रीज हलतो, सिंक हलत नाही, कारण सांडपाण्याचा पाइप डक्टकडे, म्हणजे इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीकडे नेताना दर फुटाला पाव इंच उतार द्यावा लागतो. डक्टपासून सिंक आठ फूट लांब गेलं की दोन इंच उतार फक्त पाइपलाच लागतो. तो दिला नाही की पाइपात तूप आणि कणकेचा थर साचतो आणि दर महिन्याला प्लंबर बोलवावा लागतो. बहुतेक नकाशांत सिंक कोपऱ्यात भिंतीला चिकटवलेलं असतं. मग घासणाऱ्याचं कोपर भिंतीवर आपटतं, आणि खरकटी नि धुतलेली भांडी एकाच बाजूला येतात. सिंकच्या एका अंगाला खरकट्यासाठी दीड फूट आणि दुसऱ्या अंगाला निथळण्यासाठी दीड-दोन फूट ठेवा. सिंक एकाच कप्प्याचं, २४ बाय १८ इंच घ्या. दोन कप्प्यांच्या सिंकमध्ये सोळा इंची परात कुठल्याच कप्प्यात आडवी बसत नाही. मावशी बसून घासत असतील तर ड्राय बाल्कनीत फूटभर उंचीवर नळ आणि पाण्याचा नीट निचरा मागून घ्या. मासे घरी साफ होत असतील तर तोच नळ त्यालाही उपयोगी पडतो आणि आतल्या ओट्याला वास लागत नाही.

सिंक आणि शेगडी यांच्यात किमान दोन फूट अंतर हवं, नाहीतर भाजी धुताना उडालेलं पाणी तापल्या तेलात जातं. पण या दोन फुटांवरच चिरायचंही आणि लाटायचंही, असं करू नका. पोळीचा पसारा मोजून पाहा: दहा इंची पोळपाट, पिठाची ताटली, कणकेचा गोळा, तेलाची वाटी, पोळ्यांचा डबा. याला सलग अडीच फूट लागतात आणि ते शेगडीला लागून लागतात. उजव्या हाताने काम करणाऱ्याला पोळपाट शेगडीच्या डावीकडे असावा, म्हणजे लाटलेली पोळी उजव्या हाताने सरळ तव्यावर जाते. शेगडीच्या पलीकडे कुकर उतरवायला दीड फूट ठेवा. शेगडी भिंतीला चिकटली की कढईचा कान भिंतीला लागतो आणि कढई तिरकी बसते. खिडकीसमोर शेगडी आली की वाऱ्याने ज्योत विझते, गॅस मात्र चालूच राहतो. पूर्वेकडे तोंड करून स्वयंपाक करायचा अशी अनेक घरांची श्रद्धा असते. तिचा मान राखून शेगडी खिडकीपासून दीड-दोन फूट बाजूला घेता येते, फक्त ते भिंती उभ्या राहण्याआधी सांगावं लागतं.

गॅसबद्दल एक गोष्ट फार गांभीर्याने सांगायची आहे. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला की तो खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याच्या दाराला अगदी जमिनीलगत जाळी हवी. पाइपने येणारा नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका, तो वर जातो, त्याला छताजवळची वाट लागते. सुंदर दिसावं म्हणून सिलिंडर चारी बाजूंनी बंद ट्रॉलीत कोंडणारे फर्निचरवाले आम्ही पाहतो, तेव्हा काम थांबवायला सांगतो. रबरी नळी डोळ्यांना दिसेल अशीच असावी, भिंतीतून आरपार नेऊ नये.

राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर आणि १.८ मीटर रुंद असावं लागतं, तिथेच जेवायचं असेल तर ७.५ चौरस मीटर आणि २.१ मीटर. १.८ मीटर म्हणजे सहा फुटांना किंचित कमी. एवढ्या रुंदीत समोरासमोर दोन-दोन फुटांचे ओटे दाखवणारा नकाशा आला तर तो सरळ परत करा. मधे दोन फूटही उरत नाहीत आणि वीस इंची ट्रॉली उघडली की रस्ता बंद. दोन माणसं पाठीला पाठ लावून वावरायची तर साडेतीन फूट हवेत. अरुंद खोलीत एका भिंतीला पूर्ण ओटा आणि समोर फूटभर खोल अशी उभी मांडणी हे जास्त उपयोगाचं.

पिण्याच्या पाण्याची जागा दाराजवळ ठेवा. माठ आणि फिल्टर पार टोकाला असला की घरातला प्रत्येक जण पाणी प्यायला तापल्या शेगडीमागून जातो. माठाला चारी बाजूंनी वारा लागला तरच पाणी गार होतं, तेव्हा तो कपाटात नको, आणि खाली दगडच हवा, प्लायवूड फुगतं. फिल्टरच्या तोटीखाली कळशी मावेल एवढी, म्हणजे दीड फूट जागा सोडा. फ्रीजही दाराकडेच बरा, पण बाजूच्या भिंतीपासून चार इंच सोडून. दार पुरतं उघडलं नाही तर भाजीचा ट्रे बाहेरच निघत नाही, आणि हे फ्रीज आल्यावरच कळतं.

गव्हाची कोठी सिंकखाली किंवा ओल येणाऱ्या भिंतीला टेकवून नको. पन्नास किलो गव्हाला पंधरा इंच व्यासाची, दोन-सव्वादोन फूट उंच कोठी पुरते, तेव्हा ओट्याखाली तेवढा एक कप्पा ट्रॉलीविना मोकळा सोडायला सांगा. सगळीकडे ट्रॉल्या करून घेतल्या आणि कोठी बेडरूममध्ये गेली, असं फार ठिकाणी होतं. वरची कपाटं ओट्यापासून वीस इंचांवर, चौदा इंचांपेक्षा जास्त खोल नकोत. मिक्सरच्या जागी मात्र ओट्यापासून कपाटापर्यंत दोन फूट ठेवा, मोठं भांडं लावलं की तो दीड फुटाचा होतो आणि झाकण काढायला वर जागा लागते. मिक्सरचा पॉइंट मिक्सर जिथे कायम उभा राहणार तिथेच. घरघंटी, ओव्हन, इंडक्शन यांना १६ अँपिअरचे स्वतंत्र पॉइंट. दिवा पाठीमागे असेल तर आपलीच सावली चिरायच्या पाटावर पडते, वरच्या कपाटाच्या पुढच्या कडेखाली दिव्याची पट्टी लावली की हा प्रश्न मिटतो.

पालेभाजी निवडणं, वाल सोलणं, पापड लाटणं ही कामं बसून करायची आहेत. घरात वयस्क माणूस असेल तर खिडकीजवळ तीन बाय चार फूट जमीन किंवा २८ इंच उंचीची, खाली पाय घालता येतील अशी फळी ठेवा. आजीला स्वयंपाकघरात बसायला जागा असली की ती हातभार लावते.

हे सगळं कागदावर नीट कळत नाही. सोसायटीच्या गच्चीवर खडूने पूर्ण मापात स्वयंपाकघर आखा, दार कुठे उघडतं ते दाखवा, फ्रीजच्या जागी खोका ठेवा आणि सकाळच्या डब्यांची कामं हातात काहीही नसताना एकदा करून बघा. अर्ध्या तासात चुका दिसतात. मग वास्तुविशारदाकडून ओट्याचा १:२० प्रमाणातला नकाशा मागा. त्यावर ओट्याची उंची, सिंकची जागा आणि माप, शेगडीच्या दोन्ही बाजूंची रुंदी, सिलिंडरचा कप्पा, वीज आणि पाण्याचे पॉइंट जमिनीपासूनच्या उंचीसकट दाखवलेले असावेत. हा नकाशा परिशिष्टाला जोडून त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. प्रत्येक सदनिकेसाठी वेगळा ओटा करणार नाही असं विकासक म्हणाला, तर उंचीचे तीन पर्याय मागा: ३०, ३२ आणि ३४ इंच. दगड तोच, टाइल्स त्याच, बदलतात ती फक्त खालच्या आधारांची मापं, आणि ती दगड बसण्याआधी बदलायला खर्च जवळपास येत नाही.

आपले,
स्वयंपाकघरांची आखणी करणारे दोघे, पुणे