परवा रात्रीची गोष्ट, आणि एक प्रश्न

कारखाना कॉलनी,
गुरुवार

प्रिय शमे,

तुझ्या मेसेजला उत्तर दिलं नाही म्हणून रागावली असशील. रागाव, पण आधी हे वाच. इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा आहे तसाच, माझं बीपी गोळीवर आहे. झालं.

परवा रात्री जे झालं ते घरात कुणाला सांगून उपयोग नव्हता. अकराच्या सुमारास कारखान्याच्या वजनकाट्यावरून फोन आला, "मॅडम, पावती निघंना." बाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. ऊस आत नेणारी गव्हाण रिकामी पडायला लागली की कोण कोण फोन करतं ते तुला सांगायला नको, तुमच्या घरी तर बाबा असताना रोजचंच होतं. लिनक्सचे सर्व्हर बघणारे आमचे साहेब लग्नाला गेलेले, फोन बंद. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून एसएसएचने, म्हणजे घरबसल्या लांबूनच, काट्याच्या सर्व्हरमध्ये शिरले. डिस्कची जागा सांगणारं डीएफ मारलं, तर लॉग वगैरे जिथे साठतात ते व्हार शंभर टक्के भरलेलं. आता गंमत बघ. दुपारीच सॉफ्टवेअरवाल्या मुलाने जागा करायला म्हणून काट्याच्या प्रोग्रामची भली मोठी लॉग फाइल आरएमने, म्हणजे पुसायच्या कमांडने, काढून टाकली होती. वहीत तशी नोंदही होती. मग जागा गेली कुठे? एकेक फाइल मोजणाऱ्या डीयूने व्हार मोजलं तर त्यात निम्मंसुद्धा भरत नव्हतं. एकाच डिस्कचे दोन हिशेब, आणि दोन्ही खरे.

तिथे तू आठवलीस. लॅबमधले ते हिरव्या अक्षरांचे टर्मिनल, आणि तू माझ्या वहीवर पेन आपटत होतीस, "नाव वेगळं, फाइल वेगळी!" मी म्हणाले होते, पुसलेली फाइल शिल्लक राहते ही कसली सिस्टिम, विंडोजमध्ये उघडी फाइल पुसायला गेलं की ती सरळ नकार देते, तेच बरं. त्यावरून आपला अबोला, आणि मेसच्या मावशींनी दोघींना एकाच ताटात वाढलं तेव्हा तो सुटला. शमे, तेव्हा तुझं बरोबर होतं. हे मी लिहून देते आहे, जपून ठेव.

डिरेक्टरी म्हणजे नुसती नावांची यादी, प्रत्येक नावासमोर आयनोडचा नंबर. मालक कोण, हक्क कुणाला, डेटा कुठल्या ब्लॉकवर, हे सगळं आयनोडकडे. आरएम फक्त यादीतली ओळ खोडतं. एखाद्या प्रोसेसने ती फाइल उघडून धरली असेल तर ती सोडेपर्यंत एकही ब्लॉक मोकळा होत नाही. डीयू नावं धरून चालतं म्हणून त्याला ती दिसत नाही, डीएफ थेट फाइलसिस्टिमला विचारतं. मग मी एलएसओएफला म्हटलं, एकही नाव न उरलेल्या उघड्या फाइली दाखव. दाखवली! काट्याचाच प्रोग्राम, तीच लॉग फाइल, पुढे 'डिलिटेड' असा शेरा. प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला असता तर जागा लगेच सुटली असती. पण भरलेलं वजन झालेल्या आणि रिकामं वजन बाकी असलेल्या ट्रॉल्या आवारात उभ्या होत्या, आणि ती अर्धी वजनं प्रोग्रामने डिस्कवर लिहिली आहेत की नुसती मेमरीत धरली आहेत याची मला खात्री नव्हती. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या उसाचं वजन आहे ते. म्हणून चालू प्रोसेस जिथे दिसतात त्या प्रॉकमध्ये त्या प्रोसेसचा एफडी, म्हणजे तिने उघडून धरलेल्या फाइलचा क्रमांक, गाठून तिथूनच फाइलची लांबी शून्यावर आणली. पुन्हा डीएफ, आणि जागा मोकळी. तिकडून काटेवाला ओरडला, "निघाली, निघाली!" हे म्हणाले, "डिस्क साफ केलीस होय?" आता यांना काय सांगू? तुला मात्र कळेल मला रात्रभर झोप का लागली नाही.

आता खरं कारण. साहेब हंगाम संपला की निवृत्त होतायत. एमडींनी मला विचारलंय, लिनक्सचे सर्व्हर तुम्ही बघणार, की बाहेरच्या कंपनीला देऊ? मला हे काम हवंय, शमे. मनापासून हवंय. पण 'हो' म्हणायला जीभ रेटत नाही.

ईडीपीत, म्हणजे कारखान्याच्या संगणक विभागात, इतकी वर्षं मी विंडोजच सांभाळलं. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, प्रिंटर, लेखा विभागाचे रोजचे तगादे, सगळं तोंडपाठ. तिथे काय काय करता येतं ते पडदाच सांगतो, मेनू उघडायचा आणि वाचत जायचं. इथे नुसता कर्सर. काय विचारायचं ते आपल्यालाच आधी ठाऊक हवं. बारीकसारीक गोष्टी अंगवळणी पडल्यात. सी आणि डी ड्राइव्ह शोधणं सुटलं, सगळं एकाच मुळाखाली असतं आणि दुसरी डिस्कही कुठल्यातरी डिरेक्टरीवरच माउंट होते हे आता आपसूक डोक्यात येतं. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट चालेना तेव्हा ओळीच्या टोकाला चिकटून आलेला, डोळ्यांना न दिसणारा कॅरेज रिटर्न माझा मीच शोधला. विंडोजच्या रजिस्ट्रीपेक्षा एटसीतल्या सेटिंगच्या साध्या मजकुराच्या फाइली मला कितीतरी आवडतात. बदलण्याआधी प्रत ठेवता येते, जुन्या-नव्यात काय फरक पडला तो डिफने ओळीओळीने बघता येतो. हे सुख मला कुणी आधी का सांगितलं नाही? (तू सांगितलंस. माहीत आहे.)

भीती आहे ती साहेबांच्या डोक्यात जे आहे त्याची. त्यांच्या क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, पंधरवड्याच्या बिलाची एक ओळ आहे, तारखेच्या रकान्यात १ आणि १६, वाराच्या रकान्यात सोमवार. वाचणाऱ्याला वाटेल, १ किंवा १६ तारखेला सोमवार आला तरच चालेल. पण दोन्ही रकाने भरले की क्रॉन त्यातलं एक जरी जुळलं तरी काम चालवतो. म्हणजे ते दर सोमवारीही चालतंय. मुद्दाम केलंय का? विचारलं तर म्हणाले, "चालतंय ना? मग हात लावू नका." अशा किती ओळी असतील? बॅकअप रोज रात्री जातो, त्याचा लॉगही रोज छान येतो, पण तो परत भरून पाहिल्याचं इथे कुणालाच आठवत नाही. आणि रूट, म्हणजे सगळे हक्क असलेला मालक, म्हणून बसलं की सिस्टिम आपल्यावर पूर्ण विश्वास टाकते. एक्स्ट४ ही फाइलसिस्टिम तर मुळातच ५ टक्के जागाच रूटसाठी राखून ठेवतं, डिस्क गच्च भरली तरी त्याचं काम अडू नये म्हणून. इतका विश्वास टाकलेला मला पेलेल का, हेच रात्री उठून उठून मनात येतं.

बाहेरची कंपनी आली तर लांबून बघेल. त्यांना डीएफ माझ्यापेक्षा चांगलं येत असेल, पण रिकाम्या वजनाची ट्रॉली म्हणजे काय ते त्यांना कोण सांगणार? थंडीत रात्रभर रांगेत बसलेला माणूस त्यांना दिसणार नाही.

तुझ्याकडे नवीन घराचा ताबा मिळाला का? लेकीचं दहावीचं वर्ष, तिला माझ्याकडून शाबासकी. सासूबाईंचं ऑपरेशन नीट झालं असं ताईकडून कळलं, बरं झालं. आणि हॉस्टेलच्या दारावर तू '१ जानेवारी १९७०' लिहिलं होतंस, रेक्टरबाईंनी ती तुझी जन्मतारीख समजून चौकशी लावली होती, ते मी परवा ईडीपीतल्या पोरांना सांगितलं. युनिक्सचं घड्याळ त्या दिवसापासून सेकंद मोजतं हे त्यांना ठाऊक होतं, तुझी कीर्ती नव्हती. आता आहे. काट्यावरचं जुनं मशीन ३२ बिटांचं आहे, १९ जानेवारी २०३८ ला त्याचे सेकंद संपतील, तोवर आपण दोघीही निवृत्त झालेल्या असू.

रविवारी जुन्या मशीनवर परवाचा बॅकअप भरून बघणार आहे, बिलाचे आकडे जुळतात का ते ताडून. एमडींना उत्तर सोमवारी द्यायचंय. त्याआधी फोन कर. क्रॉनच्या त्या ओळीचं मी काय करावं, साहेब असतानाच हट्टाने सोडवून घेऊ की हंगाम संपेपर्यंत थांबू, ते सांग. आणि हे काम घेऊ का तेही सांग, मला बरं वाटावं म्हणून नको, लॅबमध्ये सांगायचीस तसं.

तुझी,
मंदा