पातळी किती? मोबाईलला विचारा!

संपादक महोदय,

चतुर्थीचा चंद्रोदय, पांढऱ्या रश्श्याला खसखस किती, आमच्या घरी आता सगळं मोबाईललाच विचारतात. भिंतीवर कॅलेंडर आहे, पण ते दुधाचे खाडे मांडायला!

गेल्या पावसाळ्यात धाकट्यानं पंचगंगेची पातळी शोधली आणि ओरडला, 'पंचावन्न फूट!' राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. पंचावन्न म्हणजे निम्मं शहर पाण्यात. आम्ही तांदळाची पोती माळ्यावर चढवायला लागलो. आईनं मात्र दूधवाल्याला फोन लावला. तो प्रयाग चिखलीचा. पूर आला की पाणी आधी त्यांच्या दारात. 'पात्रातच हाय की अजून,' तो म्हणाला. मग नीट बघितलं, तर बातमी ऑगस्ट 2019 च्या महापुराची. तारीख खाली, बारीक अक्षरात. (पोती उतरवायला मात्र कुणी आलं नाही.)

म्हणून विनंती, पावसाळ्यात बंधाऱ्याची पातळी रोज पहिल्या पानावर, तारीख-वेळेसह ठळक छापावी. आणि आपल्या संकेतस्थळावरच्या जुन्या बातमीवर वर्ष मथळ्यातच द्यावं.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर