वॉश बेसिनजवळची टेबलं

इंदूर,
सोमवार, दुपार

प्रिय बंड्या,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले, पण शनिवार-रविवारच्या गर्दीत हातात पेन धरायची सोय नव्हती. आज दुपारची गिऱ्हाइकं संपली, पोरं मागे जेवायला बसलीत आणि मी गल्ल्यावर केओटीच्या, म्हणजे स्वयंपाकघरात ऑर्डर धाडायच्या चिठ्ठ्यांच्या, कोऱ्या पानांवर तुला लिहितोय. अक्षराला हसू नकोस.

नाशकात हॉटेल काढलंस आणि महिन्याभरात दोन वेटर ‘आम्हालाच कोपऱ्यातली टेबलं’ म्हणून रुसले, हे वाचून मी मोठ्यांदा हसलो. वर्षापूर्वी विचारलं असतंस तर छातीठोकपणे सांगितलं असतं, जो जुना त्याला चांगलं स्टेशन, म्हणजे एका वेटरकडची टेबलं, नव्याने मागून यावं. मीही असाच वर आलो ना! आता तसं सांगवत नाही.

आमच्या हॉलमध्ये बावीस टेबलं, चार स्टेशनं. एक काचेजवळचं, दोघांच्या टेबलांचं. दुसरं मधलं. तिसरं एसीतलं, तिथे कुटुंबं बसतात. चौथं पार मागे, वॉश बेसिन आणि बाथरूमच्या दाराशी. धारकडचा एक पोरगा आठ महिने त्या चौथ्यावरच होता. नवा होता आणि तोंड उघडत नव्हता, म्हणून माझ्याही ते अंगवळणी पडलं होतं. एका शनिवारी रात्री पासवर, म्हणजे स्वयंपाकघरातून ताटं बाहेर येतात त्या ओट्यावर, ट्रे आपटून म्हणाला, “भिया, कभी मेरे पैर भी गिन लो.”

मला राग आला. रात्रभर डोक्यात तेच. दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधी, कोणी बघत नाही असं पाहून, मी खरंच चाललो. पासपासून एसीतल्या टेबलापर्यंत चौदा पावलं. एकवीस नंबरपर्यंत एक्केचाळीस. आता बघ, सहा माणसांचं टेबल असलं की पाणी, स्टार्टर, भाज्या आणि मग रोट्या. रोट्या काही एकदम नेता येत नाहीत, गरम हव्यात म्हणून दोन-दोन करून जायचं. अशा दहा खेपा धर. एसीवाल्याची दोनशे ऐंशी पावलं, याची आठशे वीस. तीही वाटेत हात झटकत येणाऱ्या माणसांना चुकवत, ओल्या फरशीवरून. तिथे कोणी नावालाही टिप ठेवत नाही, कारण बाथरूमच्या दाराशी जेवलेला माणूस खूश होऊन उठत नाही.

मग दोन आठवडे वही ठेवली. किती टेबलं हे लिहिणं सोडून दिलं. कुठल्या स्टेशनवर किती कव्हर, म्हणजे जेवणारी माणसं, बसले, किती बिलं फाटली, बडीशेपेच्या वाटीशी टिपेचे किती राहिले, एवढंच लिहिलं. पोरं आधी टिप सांगायला तयारच नव्हती, त्यांना वाटलं मी हिस्सा मागणार. वही भरली तेव्हा माझेच दोन समज खोटे ठरले. काचेजवळचं स्टेशन आम्ही सगळे भाग्याचं समजायचो, कारण टेबलं भराभर उठतात. पण तिथे कॉलेजची पोरं, शंभर-दीडशेचं बिल, क्यूआर स्कॅन करून पसार. रोख टिप जवळजवळ शून्य. दुसरं म्हणजे, स्कॅन करताना कोणी वरचे वीस रुपये टाकलेच तर ते सरळ मालकाच्या खात्यात. पोराला कळतही नाही. हल्ली मी अशी जादा रक्कम वेगळी लिहून शनिवारी रोख द्यायला लावतो.

मालकांना वाटलं, बिलात पाच टक्के सर्व्हिस चार्ज लावू, सगळ्यांत वाटू, कटकट मिटली. मी म्हटलं, सांभाळा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या सूचनांप्रमाणे तो आपोआप बिलात घालता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. तू तिकडे सुरुवातीलाच हा मोह टाळ. लोक तसेही पाच टक्के जीएसटी बघून म्हणतात, एवढा टॅक्स दिला, आता टिप कसली?

मग आम्ही रोज स्टेशन फिरवायला लागलो. पहिल्याच शनिवारी घात झाला. नवा पोरगा एसीत, आणि त्याच्याकडे चौदा जणांची पार्टी. बिचारा घामाघूम, रायत्याच्या वाट्या सूपच्या आधी गेल्या. आणखी एक गंमत. दर गुरुवारी एक आजी-आजोबा सात नंबरवर येतात, त्यांना कढी कमी तिखट आणि भात मऊ लागतो. ते फक्त त्यांचा जुना वेटर ओळखतो. त्या दिवशी दुसऱ्याने वाढलं, आजी ताट ढकलून म्हणाल्या, “आमचा मुलगा कुठाय?” त्या मागे राहिलेल्या ताटाने मला जास्त शिकवलं.

आता गुरुवारी सात नंबर त्याचाच, बाकी फिरतं. गर्दीच्या रात्री नव्याच्या शेजारच्या स्टेशनवर जुना, म्हणजे हात द्यायला जवळ. आणि मुख्य म्हणजे नकाशाच बदलला: बेसिनजवळची चार टेबलं एका स्टेशनात ठेवलीच नाहीत, चौघांना एकेक वाटून दिली. हाल झालेच तर सगळ्यांचे सारखे. त्याहून मोठं काम दारात उभ्या असलेल्या माणसाचं निघालं. तो सगळ्यांना एसीत ढकलायचा, एकाकडे तीन टेबलं एकदम, दुसरा भिंतीला टेकून. आता त्याच्याकडे कागद आहे, पाहुणे क्रमाने बसवायचे.

तुला आठवतं, रामबागेत गणपतीच्या महाप्रसादाला आपण वाढपी असायचो? सगळ्यांना जिलबी वाढायची असायची, कारण लोक हसून ‘अजून एक’ म्हणायचे. मीठ-लिंबाचं ताट घेऊन फिरायला कोणी तयार नसायचं. पंगत उठली की वाढप बघणारे काका काही न बोलता मीठवाल्याच्या हातात जिलबीची परात द्यायचे. मला कधी सुचलंच नाही, की तीस वर्षं मी त्याच पंगतीत आहे.

एक गोष्ट मात्र अडलेली आहे. आमचा सगळ्यात जुना वेटर अकरा वर्षं इथे आहे. त्याची कमाई फिरतीने घटली, तो हल्ली माझ्याशी नीट बोलत नाही. मला तो पूर्ण चुकीचा वाटत नाही. त्याच्या हातून माणसं परत येतात, हे वहीत कुठे मांडू? त्याला पगारात काही वाढवावं असं मालकांना सांगितलंय, अजून होकार नाही. तुझ्याकडे असा कोणी असला तर तू काय करतोस, लिही.

तुझ्या हॉलचा नकाशा काढून पाठव. स्वयंपाकघराचं दार आणि बेसिन कुठे आहे ते नक्की दाखव, बाकी खुर्च्या वाटेल तशा काढ. वहिनींना नमस्कार. शेवेची एक पिशवी येत्या माणसाबरोबर धाडतोय, तिखटच आहे, तू कमी तिखट मागितलीस तरी.

तुझाच,
पम्या