पदवीदानाचे उपरणे सोलापुरातच विणून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पदवी वितरण समारंभ जवळ आला की महाविद्यालये भाड्याचे काळे गाऊन मागवतात. निदान शहरातील महिला महाविद्यालयांनी तरी ही पद्धत आता बंद करावी आणि गाऊनऐवजी सोलापुरातच विणलेले उपरणे मुलींना द्यावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

गाऊन आणि हूड (गळ्यात अडकवून पाठीवर सोडलेले कापड) हा पोशाख मुळात शर्ट-कोट घालणाऱ्या पुरुषांसाठी बेतलेला. हूडच्या गळपट्टीला पुढे छोटी दोरी असते, ती शर्टाच्या बटणात अडकवायची. साडीवर बटणच नाही. मग पाठीवरच्या कापडाच्या वजनाने पट्टी मागे ओढली जाते, गळ्याला काचते, आणि प्रमाणपत्र घेताना मुलीचा एक हात ती सावरण्यातच अडकतो. डाव्या खांद्यावर पदराच्या निऱ्यांचा थर असल्याने गाऊन त्या बाजूने उचललेला दिसतो तो वेगळाच. त्यात कापड पॉलिस्टरचे आणि उन्हाळा सोलापूरचा!

ज्या विद्यापीठांकडून हा पोशाख आपल्याकडे आला, त्यांतील ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या दिल्या १९२० मध्ये आणि केंब्रिजने पूर्ण पदव्या दिल्या थेट १९४८ मध्ये. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठाने १८८३ मध्येच चंद्रमुखी बसू आणि कादंबिनी गांगुली यांना बी. ए. केले होते. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले, तेव्हा शिक्षण मातृभाषेतून ठेवले आणि पदवीला नावही ‘गृहीतागमा’ असे आपले दिले. १९२१ मध्ये तिथून पहिल्या पाच पदवीधर बाहेर पडल्या. अमेरिकेतील महिला महाविद्यालयांनीही स्वतःच्या प्रथा घडवल्या. व्हॅसरमध्ये डेझी फुलांची सुमारे १५० फूट लांब माळ खांद्यावरून नेतात. माउंट होल्योकमध्ये पांढऱ्या वेशातल्या मुली लॉरेलच्या पानांची माळ संस्थापक मेरी लायन यांच्या समाधीपर्यंत नेऊन तिथल्या कठड्याला गुंडाळतात. मग मागांच्या शहराने गाऊन भाड्याने का आणावा?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये पदवीदानाचा पोशाख हातमागाचा असावा असे सुचवलेच आहे. मात्र शहरात आज यंत्रमागच जास्त. यंत्रमागाचे उपरणेही चांगलेच असते, पण ते हातमागाचे म्हणून खपवू नये.

उपरणे सुती असावे, लांबी दोन मीटर, रुंदी साधारण ५५ सेंटीमीटर. रेशमी किंवा झुळझुळीत कापड पदरावरून घसरते. धुतल्यावर सूत आटते, म्हणून मागावर २ मीटर १० सेंटीमीटर धरावे. ३०० मुलींसाठी ६३० मीटर कापड झाले. हातमागावर दिवसाला पाच मीटर धरले, तर पाच मागांना सुमारे २५ दिवस लागतात. ताणा तयार करणे, रंगाई आणि सुट्ट्या धरून मागणी दोन महिने आधी द्यायला हवी. बहुतेक ठिकाणी घोटाळा इथेच होतो. पंधरा दिवसांवर समारंभ आला की मिळेल ते छापील कापड उचलले जाते. काठात महाविद्यालयाचे नाव विणायचे असेल तर अक्षरे एक इंचापेक्षा लहान नकोत, मात्रा-वेलांट्या तुटतात.

रंगाची परीक्षा आधी करावी. ओल्या पांढऱ्या फडक्यावर उपरण्याचा काठ जोरात घासावा. फडक्याला रंग लागला तर तो माल परत करावा, नाहीतर घामाने तोच रंग मुलींच्या साड्यांवर उतरतो. नव्या कापडातली खळ काढण्यासाठी एक धुणे द्यावे. खळ राहिली तर उपरणे खांद्यावर ताठ उभे राहते. मग उभ्या चार घड्या घालून ते दोन्ही खांद्यांवरून पुढे सोडावे आणि डावीकडे पदरासकट एकच मोठी पिन आतल्या बाजूने लावावी. दोन्ही खांद्यांवर पिना लावल्या की प्रमाणपत्रासाठी हात पुढे करताना कापड ओढले जाऊन फाटते.

खर्चासाठी मुलींकडून वेगळे पैसे घेऊ नयेत. गाऊनच्या भाड्याची रक्कम याकडे वळवावी आणि उपरणे मुलींना कायमचे द्यावे.

आपल्या,
काही निवृत्त प्राध्यापिका, सोलापूर